बारकूदादांचं मोतीदूध

थंडीत थंड दूध विकायला बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पौषात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते. बैल बघायला आलेले, घोंगड्या घ्यायला आलेले, नुसतेच हुंदडायला आलेले असे सगळे कानाला मफलर गुंडाळून फिरत असतात. भज्यांच्या कढईजवळ उभं राहायला जागा मिळत नाही, कारण निम्मे लोक भजी घ्यायला आणि निम्मे शेकायला आलेले असतात. आणि अशा त्या गारठ्यात, घोंगडीवाल्यांच्या रांगेला अगदी लागून, एक उंच हाडकुळा माणूस डोक्याला पांढरीशुभ्र टोपी घालून पुढ्यात बर्फाची पेटी ठेवून बसलेला असायचा. मागे पत्र्याची पाटी. तिच्यावर लाल रंगात लिहिलेलं, ‘मोतीदूध मिळेल.’

हे आमचे शेजारी, बारकूदादा. मला त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी म्हशाच्या अलीकडच्या एका गावात शाळेवर रुजू झाले होते. मूळची मी वाईकडची. इथल्या पावसाची सवय नाही, इथल्या बोलीची सवय नाही, त्यात मुलगी लहान आणि ह्यांची नोकरी कल्याणला. त्यामुळे शेजार कसा आहे हा माझ्या दृष्टीनं फार मोठा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी मी अंगणात सामान उतरवत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला, “या शेठ.” मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. शेठ म्हणजे मीच.

दादा सगळ्यांनाच शेठ म्हणायचे. मी शेठ, माझी मुलगी छोटी शेठ, पोस्टमन शेठ. एकदा त्यांना मी स्वतःच्या बैलाला “सर शेठ बाजूला” असं म्हणताना ऐकलं आहे. ही सवय मुंबईची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत एका थंड पेयांच्या दुकानात काढली होती. मालकानं ती जागा विकली तेव्हा दादा गावी परत आले. येताना बरोबर उंच काचेचे गिलास, लांब दांड्याचे चमचे, दोन पांढऱ्या टोप्या आणि हा ‘शेठ’ एवढाच ऐवज आणला. लोक मुंबईहून टीव्ही आणायचे, ह्यांनी चमचे आणले म्हणून गावात बरेच दिवस हसणं चाललं होतं.

दुकानात ते फालुदा करायचे. इथे मात्र त्यांनी त्यातली शेव काढून टाकली. शेवेशिवाय फालुदा म्हणायचं नाही, असा त्यांचा हट्ट, म्हणून मग नवं नाव काढलं, मोतीदूध. आटवून गार केलेलं दूध, त्यात गुलाबाचं सरबत, भिजवून फुगवलेला सब्जा, आणि तळाशी साबुदाणा. हा साबुदाणा म्हणजे मोती.

त्या साबुदाण्याचे जे लाड चालायचे तसे घरातल्या जावयाचे चालत नसतील. आधी चाळून त्याचं पीठ झटकायचं. मग खळखळत्या पाण्यात चिमटीचिमटीनं सोडायचा. दादा वर उभे राहून पातेल्यात बघत असायचे. दाणा शिजत आला की पारदर्शक होतो, पण मधोमध एक पांढरा ठिपका राहतो. दादा त्याला डोळा म्हणायचे. डोळा मिटला की पातेलं खाली, आणि लगेच थंड पाण्यात. एक दाणा दुसऱ्याला चिकटलेला दिसला तर बोटांनी सोडवायचे. मी एकदा म्हटलं, “दादा, पोटात जाऊन सगळे एकच होणार आहेत.” तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोटात काय होतंय ते पोट बघंल. गिलासात माजी अब्रू हाय.”

आणि साखर. त्यांच्या साखरेविषयी बोलायची कोणाची टाप नव्हती. कोणी म्हणालं, जरा गोड वाटतंय, की दादा शांतपणे म्हणायचे, “वाटू द्या, शेठ.” कोणी म्हणालं कमी आहे, तरी तेच, “वाटू द्या.” आमचे हेडमास्तर एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांना घेऊन मोठ्या कौतुकानं त्यांच्याकडे गेले. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि साखर थोडी कमी चालली असती, असं अगदी सौम्यपणे सुचवलं. दादांनी साहेबांनाही तेच उत्तर दिलं. हेडमास्तर परत येताना सबंध रस्ताभर पावसापाण्याचं बोलत होते.

तर असं हे मोतीदूध पहिल्या वर्षी जत्रेत मांडलं आणि ते अजिबात खपलं नाही. थंडी हे त्याचं छोटं कारण. मोठं कारण साबुदाणा. आमच्या त्या भागात साबुदाणा घरात दोनच निमित्तांनी यायचा, उपवासाला आणि आजारपणाला. त्यातही दुधातला पातळ साबुदाणा म्हणजे निव्वळ आजाऱ्याचं खाणं. कोणाच्या चुलीवर साबुदाण्याची पेज दिसली की शेजारीण दारातूनच विचारणार, कोण पडलंय? असं खाणं भर जत्रेत, पाटी लावून विकायचं, हे लोकांना जरा अभद्रच वाटलं. एक म्हातारी थांबली, गिलासात डोकावली, आणि बाजूला गिलास विसळत बसलेल्या हिरावहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, कळवळून म्हणाली, “घरात कोन आजारी हाय गो?” वहिनींनी मान हलवली आणि विसळलेलाच गिलास पुन्हा विसळला.

धंदा सुरू झाला तो टोकावड्याच्या एका बैलवाल्यामुळे. सावळाराम त्याचं नाव. गालाला फडकं बांधून आला आणि एक गिलास मागितला. दादांनी हौसेनं भरला. पुढे करता करता त्यांची नजर फडक्यावर गेली. विचारलं, दात दुखतो काय? सावळाराम म्हणाला, कालपासून भाकर चावता येत नाही, म्हणून म्हटलं हे तरी घ्यावं. दादांनी गिलास मागे घेतला.

“बरं वाटलं का मंग या, शेठ. आजाऱ्याला मी देत नाय.”

सावळाराम ह्या अपमानानं एवढा तापला की गाल धरून धरून त्यानं ही गोष्ट सगळ्या बैलबाजारात सांगितली. आजाऱ्याला देत नाही म्हणजे आहे तरी काय त्यात, म्हणून माणसं बघायला यायला लागली. मग तरणी पोरं आली. दादा प्रत्येकाला विचारायचे, अंगात कणकण नाही ना, पोट ठीक आहे ना, आणि मगच गिलास भरायचे. दोन वर्षांत अशी वेळ आली की मोतीदूध मिळालं म्हणजे गडी धडधाकट. आखाड्यातले पैलवान कुस्ती झाल्यावर तिथे येऊन उभे राहायचे. सावळारामसुद्धा दात काढून घेऊन पुढच्या साली हजर झाला. दादांनी त्याला तोंड उघडायला लावून, आत बघून, मगच दिलं.

जत्रा संपली की उन्हाळ्यात दादा मुरबाडला एसटी स्टँडजवळ गाडी लावायचे. लग्नसराईत ऑर्डरी असायच्या. पण गाडी असो की मांडव, एक गोष्ट ठरलेली. पहिला गिलास भरायचा, त्यावर बशी झाकायची आणि बाजूला ठेवायचा. गिऱ्हाईक कितीही वाढलं तरी त्याला हात लावायचा नाही. मला वाटायचं देवाचा असेल. संध्याकाळपर्यंत त्यातला बर्फ विरघळून जायचा, गुलाबी रंग फिका पडायचा, आणि सगळं आवरल्यावर दादा तो कोमट गिलास स्वतः पिऊन टाकायचे. पिताना त्यांचं तोंड काही मोतीदूध पिणाऱ्याचं दिसायचं नाही.

हिरावहिनी जत्रेच्या दिवसांत सकाळपासून त्यांच्याबरोबर असायच्या. दूध त्या आटवायच्या, सब्जा त्या भिजवायच्या, गिलास त्या विसळायच्या. साबुदाण्याच्या पातेल्याला मात्र हात लावायच्या नाहीत. आणि मोतीदूध प्यायलेलं तर त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. उपवासालासुद्धा त्या भगर खायच्या, नाहीतर उकडलेली रताळी. बायका म्हणायच्या, हिरीचा उपवास कडक. मी कौतुकानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “कडक कसला, बाई. गिळत नाय.” एवढंच बोलून कुंपणापासून निघून गेल्या.

कारण कळलं ते एका भांडणामुळे. माझी मुलगी तापानं पडली होती. काही खाईना, पिईना. तिसऱ्या प्रहरी डोळे उघडून म्हणाली, शेठ आजोबांचं दूध दे. मला एवढा आनंद झाला. पातेली घेऊन पळत शेजारी गेले. दादा ओट्यावर चमचे पुसत बसले होते. दुसऱ्या दिवशी एक लग्न होतं, त्यामुळे घरात सगळं तयार होतं, मला दिसत होतं. दादांनी माझ्या पातेलीकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाले, तापलेल्या पोराला मी हे देणार नाही. मी आधी विनवलं, मग चिडले, मग जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण दूध दिलं नाही. रिकामी पातेली घेऊन मी घरी आले तेव्हा माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. धडधाकट पैलवानांना दूध आणि तापलेल्या लेकराला नकार, हा कुठला न्याय?

थोड्या वेळानं मागच्या दारानं हिरावहिनी आल्या. मुगाचं कढण घेऊन. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी चमच्याचमच्यानं पाजलं, आणि ती पीतही होती. मी फुरंगटून भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे न बघता वहिनी बोलायला लागल्या.

त्यांच्या मुलीच्या, सुरेखाच्या पाठचा त्यांना मुलगा होता, एकनाथ. दादा तेव्हा मुंबईत होते. सुट्टीत यायचे आणि पोराला मांडीवर घेऊन सांगायचे की तिकडे मी लाल दूध करतो आणि त्यात मोती घालतो. पोराला त्याचं वेड लागलं होतं. कोणी मुंबईहून आलं की विचारायचा, मोती आणले? त्याला ताप भरला आणि उतरेना. तोंडाला चव नाही, काही घेईना. शेवटी वहिनींनी दुधात साबुदाण्याची पेज केली. तीही घेईना.

“मंग मी त्याला खोटं सांगतलं,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, बघ, बाबानी मोती धाडलेत. तवा त्यानं तोंड उघाडलं. वाटीभर खाल्लान. हसला पन. रातच्याला गेला.”

दादा पोहोचले तेव्हा सगळं झालं होतं. वाटी अजून त्यांच्या फडताळात होती. पितळेची, मुठीत मावेल एवढी. मी ती पाहिली होती, नेहमी पालथी घातलेली असायची.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वहिनी, त्याला किती बरं वाटलं असेल. त्यांनी पोरीचं तोंड पदरानं पुसलं.

“त्याला खोटं पाजलं. आता खरं मी एकटीनं कसं पिऊ?”

दादांवरचा माझा राग गेला आणि त्या दिवसापासून बशी झाकलेला गिलास कोणाचा हे मला ठाऊक झालं.

दादा स्वतः ह्या विषयावर माझ्याशी एकदाच बोलले. एका जत्रेत, सगळी आवराआवर झाल्यावर. वहिनी बांगड्या भरायला गेल्या होत्या आणि दादा तो कोमट गिलास हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, दादा, वहिनींना नाही ना प्यायचं, मग कशाला दरवर्षी ठेवता? त्यांनी गिलास हलवून तळातले दाणे वर आणले.

“ती म्हनते पोराला खोटं सांगतलं. बाई, साबुदाना तोच. दूध तेच. गुलाब तेवढा नव्हता. एकदा पिऊन बघितलं तर तिला कलंल का ते खोटं नव्हतं. मी दुसरं कसं सांगू? मी तिथं नव्हतो.”

मग गिलास तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मोतीदुधाचं एवढं काय कौतुक, हा म्हातारा थंडीत का बसतो, फायदा काय, असं लोक विचारायचे तेव्हा दादा टोपी नीट करत म्हणायचे, “मौजेचं खानं हाय, शेठ. मौजेचं खानं मौजेच्या जागेलाच विकावं.” त्यांना सगळ्या मुलखाला हे पटवायचं होतं की साबुदाणा आजाऱ्याचा नव्हे. आणि सगळ्या मुलखाला पटलंही, एक बाई सोडून. दुकान तिच्यासाठीच होतं.

वर्षं अशी गेली. मुरबाडच्या स्टँडसमोर आइस्क्रीमची काचेची फ्रिजं आली, बाटलीतलं रंगीत पाणी आलं. पोरं येऊन सांगायला लागली की दादा वरून आइस्क्रीमचा गोळा टाका. दादा त्यांना आइस्क्रीमवाल्याकडे पाठवायचे आणि वर सांगायचे, तिकडून गोळा आणलास तरी माझ्या गिलासात टाकू देणार नाही. गाडी थोडी मागे पडली, पण जत्रेतली जागा कायम राहिली. माझी मुलगी शिकायला बाहेर गेली. माझे केस पिकले. दादा होते तसेच राहिले, फक्त पातेल्यातला डोळा बघताना चष्मा लावायला लागले.

मग सुरेखाची मुलगी प्राची आली. सुरेखा शहापूरला दिलेली. प्राची तेव्हा ठाण्याला कॉलेजात जायची. सुट्टीला आजोळी आली ती एसटीतून उतरल्यापासून ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरूनच. मी ताकाचं भांडं परत द्यायला गेले होते. तिनं अंगणात सगळ्यांसमोर ओढणी सोडली. आत प्लास्टिकचा उंच पेला, वरून झाकण पक्कं बसवलेलं, त्यात बोटाएवढी जाड नळी. आत दुधी रंगाचं काहीतरी आणि तळाशी काळ्या गोळ्यांचा थर.

मैत्रिणींबरोबर ती मुंबईच्या एका मॉलमध्ये गेली होती. ह्याला बबल टी म्हणतात, म्हणाली. कुठल्यातरी परदेशातलं आहे. “आजोबा, तुमच्या दुधासारखंच दिसतं, म्हणून तुमच्यासाठी आणलं. बर्फ वितळला सगळा.”

दादा चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात प्राचीनं पेला आजीपुढे धरला. आजी, तू आधी घे, चहाच आहे. चहा हे वहिनींचं एकमेव व्यसन. त्यांनी नळी तोंडात धरली आणि ओढली जोरात. नळी जाड, त्यामुळे चहाबरोबर दोनतीन गोळ्या टुणकन तोंडात आल्या. वहिनी दचकल्या, मग चावायला लागल्या. चावता चावता त्यांच्या कपाळाच्या आठ्या हळूहळू उलगडल्या.

“चायत करवंदं कोनी घातली?” त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो.

दादांनी चष्मा लावला. पेला हातात घेतला, झाकण काढलं, लांब दांड्याच्या चमच्यानं तळातली एक गोळी उचलली. तळहातावर घेऊन बोटानं दाबली, मग अर्धी दातानं तोडली. उरलेली अर्धी उन्हात धरली. कारागीर माणूस. समोर कोण आहे, काय आहे, हे त्या क्षणी ते पार विसरले.

“साबुदानाच हाय,” ते म्हणाले. “गुलाच्या पाकात टाकून काला केलाय.”

प्राचीला सगळी गोष्ट माहीत नव्हती, पण आजी साबुदाणा खात नाही एवढं माहीत होतं. तिचा चेहरा उतरला. दादांच्या हातातला चमचा तसाच. वहिनींचं तोंड चालायचं थांबलं. त्या दोघांकडे न बघता त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं, आत, फडताळाच्या दिशेला. मला वाटलं आता उठतील आणि थुंकून येतील. त्यांनी पुन्हा चावायला सुरुवात केली. सावकाश, शेवटपर्यंत. मग गिळलं.

“चिवट झालाय,” त्या म्हणाल्या. “तुमी करता तो मऊ असंल.”

आणि वाळत घातलेले कपडे काढायला परसात निघून गेल्या.

त्यानंतर त्या घरात साबुदाण्याचं नाव कोणी काढलं नाही. दादा तर असे जपून वागायला लागले की लग्नाच्या ऑर्डरीचं दूध आटवायलासुद्धा वहिनींना सांगेनात. वहिनी एकदा कुंपणाशी आल्या होत्या, मेथीची जुडी द्यायला. जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, “तोंडानं तर खाल्लं, बाई. आता मनाला सांगायचं राह्यलंय.” मी म्हटलं, सांगा सावकाश, घाई कसली आहे. त्या हसल्या. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

जत्रा जवळ आली तशी दादांची धडधड वाढली. आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन बसले, उगाच शाळेची चौकशी केली, आणि शेवटी विचारलं, ह्या साली पहिला गिलास ठेवू का नको? ठेवला तर तिला वाटेल मागे लागलो. नाही ठेवला तर वाटेल सोडून दिलं. मी म्हटलं, दादा, दरवर्षी ठेवता तसाच ठेवा, आणि तिकडे बघू नका. बरं म्हणाले. पण हे काम त्यांना जमणारं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जत्रेत दादांना मी शेवटचं पाहिलं ते ह्याच वर्षी. पुढच्या जूनमध्ये माझी बदली तानसाकडच्या शाळेवर झाली, आणि दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचं कळलं. झोपेतच गेले म्हणे. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्यांची आठवण आली की डोळ्यांपुढे तोच दिवस येतो, म्हणून तो जरा सावकाश सांगते.

थंडी होती. घोंगडीवाल्यांकडे गर्दी होती, त्यामुळे दादांकडेही होती. नवी घोंगडी खांद्यावर टाकून माणसं मोतीदूध पीत उभी होती. फळीच्या कडेला बशी झाकलेला गिलास. दादा तिकडे बघत नव्हते, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे एकदा बघत होते. वहिनी बादलीपाशी बसून गिलास विसळत होत्या. मी माझा गिलास घेऊन बाजूला उभी होते.

मधेच वहिनींनी हात पदराला पुसले. उठल्या. कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं आणि फळीपाशी येऊन, गिऱ्हाईक उभं राहतं तशा, समोर उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात ती पितळेची वाटी होती. चिंचेनं लख्ख घासलेली.

“ह्याच्यात घाला,” त्या म्हणाल्या.

दादांनी वाटीकडे बघितलं. मग गिलासावरची बशी उचलली. आयुष्यभर हजारो गिलास भरले असतील त्या हातांनी, आणि एक थेंब इकडेतिकडे झालेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांची धार वाटीत पडेना. निम्मं दूध वहिनींच्या बोटांवरून खाली गेलं. वहिनींनी हात हलवला नाही. वाटीच्या तळाशी थोडे मोती जमले, वर गुलाबी दूध आलं, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी तोंडाला लावली. एका दमात प्यायल्या नाहीत. एक घोट घ्यायचा, चावायचं, परत एक घोट. मागे रांग थांबली होती, बहुतेकांना वाटलं असेल म्हातारी चव बघते आहे. दादा टोपी काढून हातात धरून उभे होते.

वाटी रिकामी झाली. वहिनींनी आत बघितलं. बोटानं कडेचा एक राहिलेला दाणा काढून खाल्ला. डोळे भरले होते, ते पदरानं पुसले. मग जरा तोंड वाकडं केलं.

“साखर जास्त झालीय,” त्या म्हणाल्या, आणि वाटी विसळायला बादलीकडे गेल्या.

मी दादांकडे बघितलं. साहेबांना, पैलवानांना, सगळ्या जत्रेला जे ‘वाटू द्या’ ऐकवलं ते आता येईल, असं मला वाटलं. पुढचं गिऱ्हाईक, घोंगडी पांघरलेला कोणी गावकरी, दोन गिलास मागत होता. दादांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, चमचा उचलला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“शेठ, आज साखर जास्त झालीय. आधीच सांगतो.”